नोव्हेंबरातला अंदाज

दोसितेने चाकूने पेन्सिल तासली, भुसा तळहातावर गोळा केला आणि चुलीचं बिडाचं झाकण उचलून आत टाकला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडून टेबलावर पालथं घातलं. मागची बाजू कोरी होती. त्याला तेवढा कागद पुरत असे.

"हं, सांग. किती कमावले ओमेरने यंदा?"

लिझेतने अजून कोटही उतरवला नव्हता. दार लावून घेतानाच तिला धाप लागली होती. सकाळपासून सुएत सुटला होता. डोंगरावरून खाली समुद्राकडे धावणारा हा वारा. तो सुटला की गावातली माणसं डोंगराकडचं दार उघडत नाहीत आणि गाड्या भिंतीच्या आडोशाला लावून ठेवतात. लिझेत तशात चालत आली होती. तिने कोटाच्या आतून खारवलेल्या बांगड्यांची बरणी काढली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. दोसिते पैसे घेत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बरणीला तो नाही म्हणत नसे.

"आधी बसू तरी द्या, काका."

"बस की. खुर्चीला कर नाही."

ती हसली. यंदा ती हसतच आली होती, हे दोसितेच्या लक्षात आलं. नोव्हेंबरात त्याच्याकडे येणाऱ्या बायका सहसा हसत नसत.

गावातली मासळीची सहकारी संस्था बंद पडली तेव्हा दोसितेची हिशोबनिसाची नोकरी गेली आणि गावातले पुरुषही गेले. कुणी आधी, कुणी नंतर, सगळे पश्चिमेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, वाळूतून तेल काढायला. बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं तेवढी मागे राहिली. पश्चिमेचा मालक पगारातून कर कापायचा तो तिथल्या प्रांताच्या दराने. पण ज्याचं घर इथं, नोव्हा स्कोशियात, त्याला कर द्यायचा इथला, आणि इथला दर चढा. मधला फरक एप्रिलात एकदम अंगावर येई. पहिल्या वर्षी अर्ध्या गावाला तो माहीतच नव्हता. लिझेतच्या घरातली बर्फावर चालवायची स्कूटर त्या वसंतात विकावी लागली, आणि तिच्या बापाने ठेवलेलं बोटीचं जुनं इंजिनही गेलं. तेव्हापासून बायका नोव्हेंबराच्या सुरुवातीचा मृतात्म्यांचा सण झाला की एकेक करून दोसितेच्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. नाताळाचा खर्च सुरू होण्याआधी त्यांना कळायला हवं असे की कुठल्या पैशाला हात लावायचा नाही.

दोसिते त्याला अंदाज म्हणे. "मी अंदाज सांगतो, खरं काय ते एप्रिलात," हे तो प्रत्येकीला सांगे. पण ते म्हणताना तो जरा ताठ बसे. इतक्या वर्षांत त्याचा अंदाज एकदाच चुकला होता. गावातल्या आर्सेनच्या पोराने तिकडे सोन्याचा दात बसवून घेतला, त्या खर्चाची करात सूट मिळाली, आणि त्याची पावती कुणी दोसितेला दाखवली नव्हती. ती गोष्ट तो अजूनही सांगे, आणि दोष दाताचा असे.

लिझेतने आकडा सांगितला. दोसितेने तो पानाच्या डोक्यावर लिहिला आणि खाली चार चौकोन काढले, एकाखाली एक.

"थांबा काका," ती म्हणाली. "यंदा इथला धरायचाच नाहीये."

"का? सरकार बदललं का?"

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा ओमेर यंदा नाताळला येणार नव्हता. तिकडे कामावरच्या पोरांमध्ये बोललं जात होतं की सगळा खेळ वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा असतो. डिसेंबरच्या एकतीस तारखेला माणूस ज्या प्रांतात, त्या प्रांताचा कर, आणि तोही अख्ख्या वर्षाचा. म्हणून यंदा बरेच जण सणाची पाळी मागून घेऊन तिथेच थांबणार होते. ओमेरही थांबणार होता. एक नाताळ सोडायचा, बस. अल्बर्टात दर सपाट. पगारातून कापलं तेवढ्यात सगळं भागतं, एप्रिलात द्यायचं काही उरत नाही.

"आणि तेवढेच मला कमी पडतायत," ती म्हणाली.

कशाला, ते दोसितेला माहीत होतं. गावालाच माहीत होतं. लिझेतचा मामा प्लासीद आपली बोट आणि शेवंड धरण्याचा परवाना विकत होता. गुडघे गेले होते त्याचे. खालच्या बंदरातला एक जण रोख पैसे घेऊन तयार होता, पण भाचीला आधी विचारायचं म्हणून प्लासीदने त्याला शनिवारपर्यंत थांबवलं होतं. चाळीस हजार आधी, बाकीचे हप्त्याने. परवाना हातात आला की वसंतात ओमेर कायमचा घरी येणार होता. सात वर्षं तो दर वर्षी 'एवढा एक हिवाळा' म्हणत होता. बँकेत चौतीस हजार साठले होते. शिवाय 'डब्या'त सहा हजारांच्या थोडे वर होते. पहिल्या वर्षी तो खरोखर बिस्किटांचा डबा होता. आता ते बँकेतलं वेगळं खातं होतं, पण घरात त्याला अजून डबाच म्हणत. ते सरकारचे पैसे. स्कूटर गेली त्या दिवशी लिझेतने शपथ घातली होती, स्वतःला आणि ओमेरला, की घर जळत असलं तरी डब्याला हात लावायचा नाही.

"दोन्ही मिळून बरोबर चाळीस होतात," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं तुमच्याकडून पक्कं करून घ्यावं, आणि इथून तशीच मामाकडे जाते."

दोसितेने खिडकीतून बाहेर बघितलं. प्लासीदच्या घराची वाट त्याच्या खिडकीसमोरून, मासे वाळवायच्या जुन्या माचाजवळून वर वळत होती. माचाचे सांगाडे वाऱ्यात हलत होते.

"आधी इथला काढू," तो म्हणाला. "मग तुझ्या नवऱ्याच्या शहाणपणाकडे येऊ."

त्याने पेन्सिल चौकोनांवर ठेवली. लिझेत लहानपणी बापाबरोबर बोटीवर जायची, पिंजरे ओढायची, शेवंडांच्या नांग्यांना रबर चढवायची. ओमेर सगळ्यांसमोर थट्टेने म्हणे की आमच्या घरात खरा कोळी बायको आहे, मी नुसता बोट रंगवायला. म्हणून दोसितेने तिला तिच्याच भाषेत सांगितलं. या चार पेट्या. कमाई वरून ओतायची. पहिली पेटी भरेपर्यंत सरकार तिच्यातून मूठभर उचलतं. ती भरली की माल दुसरीत पडतो, तिथून ओंजळभर. तिसरीतून थोडं जास्त, चौथीतून आणखी जास्त. पण दुसरी पेटी सुरू झाली म्हणून पहिलीला पुन्हा कुणी हात लावत नाही.

लिझेतने मान पुढे केली. "पण ओमेर म्हणतो, जादा पाळी केली की माणूस वरच्या पायरीवर जातो आणि मग सगळ्याच पगाराला वरचा दर लागतो. हातात उलट कमी येतात. म्हणून तर त्याने रविवारच्या पाळ्या सोडल्या."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"गाढव आहे," दोसिते म्हणाला. "शेवटच्या पेटीत पडलेल्या मालालाच शेवटच्या पेटीचा दर. बाकीच्यांना काय त्याचं? रविवारी काम केलं असतं तर एव्हाना आली असती तुझी बोट." तो बेरीज करत होता. "मग रविवारी करतो काय तो तिकडे?"

"झोपतो म्हणतो."

"सात दिवसांची झोप एका दिवसात?"

"तुम्ही नाही का काका, प्रवचन सुरू झालं की एका तासात आठवड्याची उरकता?"

दोसिते नाकातल्या नाकात हसला आणि लिहीत राहिला. चार पेट्यांमधून काय काय निघालं ते त्याने उजवीकडे मांडलं, प्रत्येकाला मिळते ती सूट वजा केली. मग पगारातून अल्बर्टाच्या दराने आधीच कापलं गेलं होतं ते वजा केलं. उत्तराभोवती त्याने गोल काढला. सहा हजार, आणि वर थोडे. डब्यात होते बरोबर तेवढेच. लिझेतलाही आता वर्षानुवर्षांच्या सरावाने अंदाज येत होता.

"हा झाला इथला," तो म्हणाला. "आता शेवटच्या रात्रीचं ऐक. ती रात्र कुठं झोपून काढली ते कुणी बघत नाही. तसं असतं तर एकतीस तारखेला अर्धा देश अल्बर्टातल्या तबेल्यात झोपायला गेला असता. बघतात ते हे, की त्या दिवशी माणसाचं घर कुठं आहे. तो कुठला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सामान कुठं, गाडी कुठली, बायको-पोरं कुठं. माणसाची मुळं कुठं ते."

लिझेतने आता कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिला यात गंमत वाटायला लागली होती, कोर्टात उभं राहिल्यासारखी. दोसिते एकेक बोट दुमडत विचारत गेला आणि ती उत्तरं देत गेली. गाडी? गाडी तिकडची, पाटीही तिकडची, उन्हाळ्यात त्याने जुनी विकून तिथेच घेतली. गाडी चालवायचा परवाना? तोही मग तिकडचाच करावा लागला. दवाखान्याचं कार्ड? ते वसंतात करून घेतलं, खोकला जात नव्हता म्हणून. राहतो कुठं, कंपनीच्या छावणीतच? नाही, छावणी सोडली. तिथल्या गावात दोन खोल्या घेतल्या कुणाबरोबर तरी भाड्याने, छावणीत घोरणाऱ्यांमुळे झोप लागत नव्हती.

दोसितेची पेन्सिल पानाच्या कोपऱ्यात बारीक रेघा ओढत होती. त्या आधी भराभर पडत होत्या. आता सावकाश पडायला लागल्या.

"आणि व्हायोलिन?" त्याने विचारलं. हा प्रश्न सरकारच्या यादीत नव्हता. ओमेरचं व्हायोलिन त्याच्या आजोबांचं होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात ते वाजलं होतं, दोसितेच्याही.

"ऑगस्टमध्ये आला होता तेव्हा घेऊन गेला. संध्याकाळी करमत नाही म्हणाला."

चुलीतलं लाकूड खाली बसलं. दोसिते उठला, त्याने आणखी एक ओंडका आत सारला आणि झाकण लावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"ते सगळं जाऊ दे," तो पाठमोराच म्हणाला. "बायको इथं आहे. पोरी इथं आहेत. बायको जिथं, तिथं घर. पुढं बाकीचं कुणी बघत नाही. त्याचा कर इथलाच."

"थांबला तिथं तरी?"

"थांबू दे नाही तर उलटा टांगून घेऊ दे. काही उपयोग नाही."

तो वळला तेव्हा त्याला वाटलं होतं की तिचा चेहरा पडलेला असेल. सहा हजार गेले होते, आणि त्यांच्याबरोबर बोटही. पण लिझेत त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू उजळत होतं.

"मग थांबायची गरजच नाही त्याला," ती म्हणाली. "म्हणजे, नाताळला येऊ शकतो तो."

दोसितेने हाताची राख झटकली.

तिने धाकटीला महिनाभर समजावलं होतं. बाबा थांबतोय तो आपल्याच बोटीसाठी, असं सांगितलं होतं. थोरली पंधराची, तिने ऐकून घेतलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर पोरांनी तिकडे बसून काढलेल्या एका वेडगळ समजुतीसाठी. लिझेत हे सांगत होती आणि सांगता सांगता मोकळी होत होती. बोट नाही तर नाही. मामाला सांगू, खालच्या बंदरातल्याला दे. आणखी एक हिवाळा. पण नाताळ तरी. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तिकडची वेळ काढायला बोटांवर तीन तास मागे मोजले.

"या आठवड्यात सुट्टी आहे त्याला. इथूनच फोन करू? विमान आत्ता बघितलं तर मिळेल. मागाहून महाग होतं."

"घरी जाऊन कर," दोसिते म्हणाला. "सावकाश."

"घरी पोचेपर्यंत पोरी शाळेतून येतील. आधी पक्कं होऊ दे, मग सांगते त्यांना." ती उठून फोनपाशी गेली होती. "पैसे देते मी काका, कुरकुरू नका."

फोन खिडकीशेजारी भिंतीला होता, आदेलच्या वेळेपासूनचा. आदेल, दोसितेची बायको, त्याची तार ओढत चुलीपर्यंत नेऊन ढवळता ढवळता बोलायची. म्हणून ती लांब आणि सैल झाली होती. लिझेतने नंबर फिरवला आणि तार बोटाला गुंडाळली. दोसितेने बांगड्यांची बरणी उचलून फळीवर ठेवली, मग तिथून काढून दुसऱ्या फळीवर ठेवली. बाहेर जाण्याचा त्याने विचार केला. या वाऱ्यात बाहेर जायला काही निमित्त नव्हतं.

"ओमेर? मी. नाही नाही, सगळं ठीक आहे, दोसितेकाकांकडे आहे मी." तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. "ऐक, तुला थांबायला नको. ते शेवटच्या रात्रीचं सगळं खोटं आहे. काका म्हणतात, त्याने काही होत नाही. उगाच थांबू नकोस. तू ये."

ती ऐकत राहिली.

"नाही, इथलाच लागतो. थांबलास तरी इथलाच."

पुन्हा ऐकत राहिली. वाऱ्याचा एक झोत घरावर आदळला आणि चुलीच्या नळकांड्यातून थोडा धूर आत आला.

"मी विचारलं ना. गाडी आणि कार्ड आणि सगळं सांगितलं त्यांना. तरी नाही म्हणतात. म्हणतात बायको इथं आहे, तर घर इथंच."

या वेळी ती खूप वेळ ऐकत राहिली. खरंच ऐकत होती की पलीकडे कुणी बोलतच नव्हतं, ते दोसितेला कळलं नाही. त्याला तिची पाठ दिसत होती आणि तारेत गुंडाळलेलं बोट. ते तिने बाहेर काढलं नाही. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"हो," ती म्हणाली.

मग थोड्या वेळाने, "हो. सांगते."

आणि मग, "पोरी शाळेत आहेत. नाही. नंतर."

तिने फोन जागेवर ठेवला. तो नीट बसला नाही, तेव्हा पुन्हा उचलून नीट ठेवला. तार सोडवून सरळ केली. परत येऊन खुर्चीत बसताना तिने पाठीवरचा कोट ओढून मांडीवर घेतला.

"अल्बर्टाचाच धरा म्हणतो."

दोसिते उभाच होता.

"मी म्हटलं त्याला, काका म्हणतात तसं धरता येत नाही." ती पानावरच्या चार चौकोनांकडे बघत होती. "तो म्हणाला, काकांना सांग, धरता येईल."

सुएत घरावरून गेला, मग थोडा थांबला. त्याच्या थांबण्यात लांबवर समुद्र ऐकू आला. दोसितेने दोन कपांमध्ये चहा ओतला. सकाळपासून चुलीच्या कडेला राहून तो काळाकुट्ट झाला होता. त्याने साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला. तिने साखर घेतली नाही. तिला दोन चमचे लागत.

यापुढे विचारायचा प्रश्न त्याला ठाऊक होता. सरकारच्या कागदावर तो पहिल्याच पानावर असतो, नावाच्या खाली: वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही विवाहित आहात की वेगळे राहता. दर वर्षी तो तिथे न विचारताच खूण करी. त्याने प्रश्न विचारला नाही. तो बसला, पान आपल्याकडे ओढलं आणि चार चौकोनांच्या बाजूला एकच मोठा चौकोन काढला.

"एकच पेटी," तो म्हणाला, काहीतरी म्हणायला हवं म्हणून. "तिकडे सगळ्या मालाला एकच दर."

"सोपं आहे मग."

"सोपं आहे."

हिशोबाला वेळ लागला नाही. आलेलं उत्तर आणि पगारातून आधीच कापलेली रक्कम जवळजवळ सारखी होती. उलट शे-दीडशे परत येणार होते. त्याने गोल काढला नाही. आकडा नुसता लिहिला आणि पान तिच्याकडे फिरवलं.

"म्हणजे द्यायचं काही नाही," लिझेत म्हणाली.

"नाही."

"चाळीस पुरे होतात."

"होतात."

ती मान हलवत राहिली, बराच वेळ, जणू कुणी तिला लांबचं काहीतरी समजावून सांगत होतं. दोसितेने कप खाली ठेवला. आपण काय सांगायला हवं हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं, आणि तो ते सांगायला लागला. तो तिच्याकडे न बघता, पेन्सिलीकडे बघत बोलला. म्हणाला, हे पैसे तुझ्या हाताने साठलेत, खातं तुझ्या नावावर आहे. परवानाही तुझ्या एकटीच्या नावावर घे. प्लासीद नाही म्हणणार नाही. भावाला पश्चिमेकडून बोलावून घे, तो सुकाणू धरेल पहिलं वर्षभर, पुढे तुला त्याचीही गरज पडायची नाही. पिंजरे तू त्याच्यापेक्षा चांगले टाकतेस. हे मी म्हणत नाही, तुझा बाप म्हणायचा. दोन पोरी आहेत. पश्चिमेकडून पैसे आले तर आले. आजच जा, खालच्या बंदरातला माणूस शनिवारनंतर थांबायचा नाही.

लिझेतने सगळं ऐकून घेतलं.

"काका," ती म्हणाली, "हा अंदाजच आहे ना?"

"कोणता?"

"हा." तिने बोट त्या एका मोठ्या चौकोनावर ठेवलं. बोटावर तारेचा वळ अजून होता. "खरं काय ते एप्रिलात, असं तुम्हीच म्हणता ना दर वेळी. वर्ष अजून संपलेलं नाही. शेवटचा दिवस अजून यायचाय."

दोसितेने तिच्याकडे बघितलं. ती वर बघत नव्हती. चाळिशी ओलांडलेली बाई होती ती, पण मान अशी खाली घातल्यावर त्याला ती बापाच्या बोटीच्या काठावर बसून हातमोजे वाळवणारी पोर दिसली.

"चुकतो ना कधी कधी अंदाज?" तिने विचारलं.

या गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने त्या दाताची गोष्ट सांगितली असती. एकदाच, इतक्या वर्षांत, आणि तेही पावती दाखवली नाही म्हणून. लिझेतने स्वतः ती गोष्ट किती वेळा ऐकली होती.

"चुकतो," दोसिते म्हणाला. "पुष्कळदा चुकतो."

तिचे खांदे थोडे सैल झाले. तिने चहाचा एक घोट घेतला, आणि मग उरलेलाही सगळा प्यायली, कडू होता तरी. पान तिने उचललं, मधोमध घडी घातली. घडी घातल्यावर चार पेट्या वरच्या बाजूला आल्या. तिने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"मग सरकारचे सरकारच्या डब्यात राहू देते," ती म्हणाली. "शपथ आहे ती. एप्रिलात इथलाच भरायची वेळ आली तर आपल्याकडे असलेले बरे."

"लिझेत," तो म्हणाला.

"फोनचे किती झाले?"

"काही नाही झाले. पोरी, ऐक जरा. मी म्हटलं ते..."

पण ती उठली होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावत होती, डोक्याला रुमाल बांधत होती, आणि रुमालाची गाठ तिला काही केल्या बसत नव्हती. आता आणखी एक शब्द बोललं तर ती इथेच, या स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर कोसळेल, आणि त्याबद्दल ती त्याला कधी माफ करणार नाही, असं त्याला वाटलं. त्याने दाराची कडी काढली. दार उघडायला दोघांनाही जोर लावावा लागला.

"बरणीतले आधी भिजत घाला," ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "यंदा मीठ जास्त झालंय."

दोसिते खिडकीशी गेला. वारा तिच्या समोरून होता. ती कमरेत वाकून, एक हात रुमालावर धरून चालली होती. दोनदा तिला थांबावं लागलं. जुन्या माचाजवळ, जिथून प्लासीदची वाट वर वळते, तिथे ती तिसऱ्यांदा थांबली. वर मामाच्या घरात दिवा लागला होता. तो वाट बघत असणार.

दोसितेने खिडकीच्या काचेवर हात ठेवला. काच वाऱ्याने थरथरत होती.

लिझेतने रुमाल पुन्हा घट्ट केला, आणि सरळ घराकडे चालू लागली.